आधी यंत्राची हजेरी, मग नवी प्रणाली



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. क्रांती चौकात धरणे धरावे, घोषणा द्याव्यात आणि संध्याकाळी कचेरीत येऊन दाव्यांचे कागद लिहावेत, हाच माझा गेल्या तीस वर्षांचा क्रम आहे. आज मात्र मी त्या कचेरीतील टेबलावर असलेल्या संगणकाविषयी बोलणार आहे. माझी शाळा दहावीला सुटली. संगणकाचे शास्त्र मी कोठे रीतसर शिकलो नाही. जे सांगणार आहे ते चुका करून, विचारून आणि वाचून मिळवलेले आहे. तेव्हा जाणकारांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

विषय असा उपस्थित झाला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार थांबवला. त्या दिवशी यंत्रे बंद पडली नाहीत; परंतु चोरवाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे येईनाशा झाल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली, पण ती मुदतवाढच. पुढची प्रणाली विंडोज ११. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमच्या कचेरीतील तीन संगणकांपैकी एकही या कसोटीस उतरला नाही. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला, "काका, आता हे भंगारात द्या."

ते संगणक सभासदांच्या वर्गणीतून आले होते. पहिल्या दोघांनी वर्षानुवर्षे चोख काम केले होते. चालत्या यंत्राला केवळ वयाचे कारण दाखवून घरी बसवायचे, हा न्याय आम्ही कारखान्यात माणसांच्या बाबतीत कधी मानला नाही. मग कचेरीत विचार न करता का मानावा? म्हणून मी लिनक्सकडे वळलो. ही मुक्त प्रणाली आहे. तिची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, बदलता येते, वाटता येते, आणि तिच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची अशीच प्रणाली दिली. तिचा पाया डेबियन या लिनक्सचा आहे. परंतु प्रणाली फुकट मिळते एवढ्यावरून ती आपल्या यंत्रावर चालेलच असे होत नाही. ते आधी कसे तपासावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

दुभाष्याचे काम

संगणकात प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, ध्वनी, वाय-फाय असे अनेक भाग असतात. हे सर्व भाग एका कारखान्यात तयार होत नाहीत, आणि प्रत्येकाची हुकूम घेण्याची भाषा वेगळी असते. प्रणालीचा हुकूम त्या भागाच्या भाषेत सांगणाऱ्या छोट्या कार्यक्रमाला ड्रायव्हर म्हणतात. मी त्याला दुभाषी म्हणतो. आपल्या मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हे चटकन कळेल. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. मराठी शेतकऱ्याच्या हाती आलेला कागद खरा असे, त्यावरचा शिक्काही खरा असे. पण तो वाचून दाखवणारा कोणी भेटला नाही तर त्या कागदाचा उपयोग शून्य. संगणकातील वाय-फायचा भाग धडधाकट असूनही लिनक्सखाली गप्प बसतो, तेव्हा बहुधा तो बिघडलेला नसतो. त्याचा दुभाषी हजर नसतो.

दुभाषी का मिळत नाही? कित्येक उत्पादक आपल्या यंत्राची भाषा जाहीर करत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा जन्मच एका छापयंत्राच्या अशा तक्रारीतून झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे नवे छापयंत्र आले. कागद अडकला की यंत्राने वापरणाऱ्यांना कळवावे, अशी सुधारणा तेथील रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. जुन्या यंत्रात त्यांनी ती केलीही होती. नव्या यंत्राच्या कार्यक्रमाची मूळ संहिता मात्र मिळेना. ती ज्याच्याजवळ होती त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली असल्यामुळे नकार दिला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज या गाभ्यातच हजारो दुभाषी अंगभूत आलेले असतात. काही भागांना त्याशिवाय उत्पादकाचे बंदिस्त 'फर्मवेअर' लागते. डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान करून ते आपल्या अधिकृत प्रतीतच देण्याचे ठरवले, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून सामान्य माणसाची बरीच पायपीट वाचली. तथापि सर्वच अडचणी संपल्या असे नाही.

माझी घाई

पहिल्या यंत्राच्या वेळी मी चूक केली, ती सांगितली पाहिजे. 'लिनक्स सगळीकडे चालते' असे कोणी तरी म्हणाले आणि मी त्यावर विसंबलो. एका रविवारी कचेरीतील मोठ्या संगणकाची डिस्क पुसली आणि नवी प्रणाली बसवली. पडदा उजळला, आवाज आला. मी खूश झालो. रात्री एका निवृत्त कामगाराच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्याचा कागद काढायचा होता. दुसऱ्या दिवशी तारीख होती. फाइल पेनड्राइव्हवर जपलेली होती म्हणून उघडली. पण पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मजकूर जुन्या फाँटमध्ये होता. त्या पद्धतीत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेले असते, आणि तो फाँट नव्या प्रणालीत नव्हता. छापयंत्राचा दिवा लागलेला, पण कागद हलेना. एकोणतीस वर्षांच्या नोकरीचा तो हिशेब होता, आणि ते गृहस्थ पायरीवर बसून होते. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात जुना फाँट असलेला संगणक सापडला, म्हणून तारीख साधली. दोष यंत्राचा नव्हता, प्रणालीचाही नव्हता. मागणीपत्र न वाचता वाटाघाटीला बसणाऱ्या पुढाऱ्यासारखा मी वागलो होतो.

हजेरी कशी घ्यावी

त्यानंतर दोन यंत्रांच्या बाबतीत मी जो क्रम पाळला तो सांगतो. ही कामे डिस्कला हात न लावता होतात.

पहिले काम, यंत्राचा दाखला लिहून काढणे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडले की मेमरी किती आहे आणि प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हे दिसते. प्रणाली ३२ बिटांची असली तरी आतला प्रोसेसर ६४ बिटांचा असू शकतो. म्हणून दोन्ही शब्द नीट वाचावेत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण उबंटूने ३२ बिटांची डेस्कटॉप प्रत २०१७ मध्येच थांबवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही जुन्या ३२ बिटांच्या संगणकांसाठी स्थापनेची सोय ठेवली नाही. मेमरीचे मोजमाप म्हणून लिनक्स मिंटचा आकडा लक्षात ठेवावा: किमान २ जीबी मेमरी, पण सुखाने काम व्हायचे तर ४ जीबी, आणि डिस्कवर किमान २० जीबी जागा.

दुसरे काम, प्रत्येक भागाचा बिल्ला क्रमांक घेणे. कारखान्यात एका नावाचे चार कामगार असतात, म्हणून आपण बिल्ला पाहतो. येथेही तसेच आहे. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या वाय-फायच्या चिप असू शकतात, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या भागाच्या तपशिलात 'हार्डवेअर आयडी' सापडतो. त्यात चार चिन्हांचा एक क्रमांक उत्पादकाचा आणि चार चिन्हांचा दुसरा त्या वस्तूचा असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच. हे दोन क्रमांक आणि 'लिनक्स' हा शब्द एकत्र शोधले की आधी त्या वाटेने गेलेल्यांचे अनुभव मिळतात.

तिसरे काम सर्वांत मोलाचे. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. त्याला 'लाइव्ह' म्हणतात. रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा, कारण त्यावरील जुने सर्व पुसले जाते. यंत्र सुरू करताना एफ-१२ सारखी एखादी कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करण्यास सांगावे. कळ यंत्रागणिक वेगळी असते. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकांची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. मग 'स्थापना करा' या चित्राला हात न लावता एकेकाची हजेरी घ्यावी. पडदा पूर्ण उजळतो का? आवाज येतो का? तारेचे आणि बिनतारी जाळे जोडले जाते का? कॅमेरा, कळफलक, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जागे होणे, हे सर्व पाहावे. डिस्क दिसते का तेही पाहावे; काही लॅपटॉपांत डिस्कची मांडणी 'रेड' या प्रकारात ठेवलेली असल्याने ती दिसत नाही. ती मांडणी बदलली तर जुने विंडोज सुरू होणे थांबू शकते, म्हणून तेथे जाणत्याला विचारूनच पुढे जावे. पेनड्राइव्हवरून चालताना प्रणाली संथ वाटते, त्यावरून वेगाचा निकाल देऊ नये.

कोणी गैरहजर आढळला तर 'टर्मिनल'मध्ये एल-एस-पी-सी-आय ही पाच रोमन अक्षरे जोडून, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि के लिहावे. अंतर्गत भागांची यादी येते, आणि ज्याचा दुभाषी कामावर आहे त्याच्याखाली तसे नाव दिसते. ज्याच्याखाली ती ओळ नाही तो आपला तंट्याचा विषय.

चौथे काम बाहेरच्या जोडणीचे. स्वस्त लेझर छापयंत्रांपैकी अनेक यंत्रे कंपनीच्या खासगी भाषेतच बोलतात. त्यांच्यासाठी कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे की नाही हे आधी पाहावे. एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर ही सोय असलेले छापयंत्र सहसा वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालते. डिजिटल सहीचा टोकन, स्कॅनर, हिशेबाचे सॉफ्टवेअर यांचीही चौकशी करावी. टॅलीसारखे डेस्कटॉप सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनते. ज्याचा सारा व्यवसाय त्यावर उभा आहे त्याने घाईने उडी घेऊ नये. मराठीपुरते म्हणाल तर युनिकोडमधील मजकूर आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये विनासायास चालतात. अडचण जुन्या फाँटमधील फाइलींची. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

आणि शेवटचे काम, सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहणे. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

निकाल

आमच्या कचेरीत शेवटी असे झाले. लॅपटॉपच्या तपासणीत वाय-फाय गप्प आढळले. मोबाइल तारेने जोडून त्याचे इंटरनेट घेतले, हवे ते फर्मवेअर उतरवले, आणि पुन्हा हजेरी घेतल्यावरच प्रणाली बसवली. देणगीत मिळालेला छोटा संगणक ३२ बिटांचा आणि १ जीबी मेमरीचा निघाला. त्याचा आग्रह मी सोडला. पहिल्या संगणकाच्या छापयंत्राची अदलाबदल विंडोज वापरणाऱ्या एका मित्र-संघटनेशी केली, त्यांचे यंत्र आमच्याकडे लाइव्ह पेनड्राइव्हवर चालवून पाहिल्यानंतर. तिघांपैकी दोघे कामावर राहिले.

संगणकाशी कामगार चळवळीची ओळख जुनी आहे. १९६० च्या दशकात कोलकात्यात विमा कर्मचारी त्याच्याविरुद्ध लढले. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांनी त्यावर करार केला. तेव्हा प्रश्न माणसाच्या कामाचा होता. आज त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आला आहे: आपल्या पैशाने घेतलेले यंत्र केव्हा निकामी झाले हे ठरवायचे कोणी? विकणाऱ्याच्या शब्दावर ते भंगारात देऊ नये, आणि माझ्यासारख्या उत्साही माणसाच्या शब्दावर त्याची डिस्कही पुसू नये. एक रविवार काढावा, पेनड्राइव्ह लावावा, कागदावर हजेरी मांडावी, आणि आपल्या यंत्राचा निकाल शेजाऱ्यालाही कळवावा. ही माहिती अशाच वर्गणीतून जमत आली आहे. माझ्या वाट्याची मी आज आपल्यापुढे ठेवली.