भोंगा वाजला, पुढे काय?

गिरणगावात भोंग्याचा अर्थ कुणी विचारत नसे. पाळी सुरू झाली, पाळी सुटली, एवढंच त्याला सांगायचं असायचं आणि ते आख्ख्या परळला पाठ होतं. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये धोक्याचा भोंगा वाजला, की माणसं आधी एकमेकांची तोंडं बघतात. कुणीतरी म्हणतं, ‘टेस्टिंग असेल’, आणि सगळे पुन्हा आपापल्या स्क्रीनकडे वळतात.

लोक बेफिकीर आहेत, असं सुरक्षा अधिकारी यावर सांगतात. मला ते फारसं पटत नाही. भोंगा ‘काहीतरी झालंय’ एवढंच म्हणतो. आग आहे की ड्रिल, कुठल्या मजल्यावर, आपण उतरायचं की जागेवर थांबायचं, यातलं काहीच त्याला सांगता येत नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्टेशनात 18 नोव्हेंबर 1987 रोजी लागलेल्या आगीत 31 जणांचा जीव गेला. त्यानंतर न्यूकॅसलच्या मेट्रोमधल्या मॉन्युमेंट स्टेशनात गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या संशोधकांनी स्टेशन रिकामं करण्याचे पाच प्रयोग केले. एकदा नुसती घंटा, एकदा मदतीला कर्मचारी, एकदा ध्वनिक्षेपकावरून सूचना, असे. नुसती घंटा वाजली तेव्हा प्रवासी फारसे हललेच नाहीत. सीसीटीव्हीत बघून, काय झालंय आणि कुठून बाहेर पडायचं हे माइकवरून सांगितलं, तेव्हा तेच स्टेशन भराभर रिकामं झालं. त्यांचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. खरं कारण सांगितलं तर चेंगराचेंगरी होईल, ही नेहमीची भीती तिथे खोटी ठरली.

म्हणून उंच इमारती, मॉल, मेट्रो आणि विमानतळांवर सुराच्या जोडीला शब्द आले. या यंत्रणेला कामावरची माणसं ‘व्हॉइस इव्हॅक’ म्हणतात. फायर पॅनेलशेजारी एक लोखंडी कपाट, आत अ‍ॅम्प्लिफायर, तळाला बॅटऱ्या, दाराआड एक माइक. सूर आणि रेकॉर्ड केलेले संदेश एका छोट्या कार्डावर साठवलेले असतात. यंत्र महाग आणि चांगलं असतं. घोळ होतो तो ते लावताना आणि त्यात काय भरायचं ते ठरवताना, कारण हे काम बहुतेक ठिकाणी ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात उरकलं जातं.

आधी सूर बघू. छोट्या कारखान्यात भिंतीवर लावतात त्या लाल भोंग्याचं झाकण काढलं, की आत पाच इवल्या डिप स्विचची ओळ दिसते. पाच स्विच, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे 32 सूर. सोबतच्या कागदावर त्यांचा तक्ता असतो. 800 आणि 970 हर्ट्झ आलटून-पालटून, हा ब्रिटिश वळणाचा. 500 हर्ट्झपासून साडेतीन सेकंदांत 1200 पर्यंत चढणारा आणि अर्धा सेकंद थांबणारा, हा डच. 1200 वरून एका सेकंदात 500 वर कोसळणारा जर्मन. 554 आणि 440 ची जोडी फ्रेंचांची. यातला कुठला निवडायचा? वायरमन खोक्यातून आलेली सेटिंग तशीच ठेवतो. पुढे इमारतीला नवी विंग जोडली जाते, दुसरा कंत्राटदार येतो, त्याच्या खोक्यातली सेटिंग वेगळी असते. मग एकाच आवारात एका धोक्याचे दोन सूर होतात आणि कुठला खरा ते कुणालाच कळत नाही.

आयएसओ 8201 या आंतरराष्ट्रीय मानकाने यावर चांगली युक्ती काढली आहे. त्याने सूर ठरवून दिलेला नाही, ठेका ठरवून दिला आहे. अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं तीनदा, आणि तिसऱ्या आवाजानंतर दीड सेकंद विराम. या ठेक्याचा अर्थ एकच, इमारतीबाहेर पडा. घंटेवर वाजवा, भोंग्यावर वाजवा, ओळखू येतो. नवी यंत्रणा बसवणाऱ्या सोसायटीने डोळे मिटून हाच घ्यावा, असं माझं मत आहे.

राहत्या इमारतीत आणखी एक प्रश्न येतो, झोपेचा. स्वस्त स्मोक अलार्मची किंकाळी साधारण 3100 हर्ट्झची असते. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांवर चाचण्या घेतल्या तेव्हा लहान मुलं, दारू प्यायलेली माणसं आणि ऐकू कमी येणारे लोक या किंकाळीने पुष्कळदा उठत नाहीत, पण 520 हर्ट्झच्या जाडसर, खरखरीत आवाजाने बरेच लवकर उठतात असं दिसलं. वय वाढतं तसे आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, हे त्यामागचं एक कारण. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेने हॉटेलांसारख्या इमारतींतल्या झोपायच्या खोल्यांसाठी हा खालचा सूर सक्तीचा केला. आपल्याकडे घरोघरी आजी-आजोबा आहेत, तरी अलार्मच्या खरेदीत कानापेक्षा किमतीचाच विचार आधी होतो.

नुसत्या सुरावर भागतं ते सरावातल्या माणसांचं. तेल कंपन्यांच्या आवारांसाठी असलेल्या नियमांत मोठ्या आगीला दोन मिनिटं चढउताराचा भोंगा, महासंकटाला तोच एकेक मिनिट थांबून तीनदा, आणि धोका टळला की दोन मिनिटं एकसुरी भोंगा, असा संकेत आहे. तिथल्या कामगाराला तो घोटून शिकवलेला असतो. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा चढउतार म्हणजे धोका आणि एकसुरी म्हणजे सुटका, हे किती जणांना ठाऊक होतं?

आता शब्द. ब्रिटिश मानकात संदेशाचा साचा सेकंदांत मोजून दिला आहे. 4 ते 10 सेकंद लक्ष वेधणारा सूर, एक-दोन सेकंद शांतता, मग संदेश, 2 ते 5 सेकंद शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरानंतरची ती छोटी शांतता महत्त्वाची, कारण कान त्या वेळात ऐकायला तयार होतो. घाईत प्रोग्रॅम करणारा नेमकी तीच कापतो. फायलीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा रिकामा भाग त्याला वाया गेलेला वाटतो.

संदेश कसा असावा यावर बैठका होतात आणि बैठकीतून असं काहीतरी बाहेर पडतं: ‘सर्व सन्माननीय रहिवाशांना नम्रपणे सूचित करण्यात येते की, इमारतीमध्ये आपत्कालीन परिस्थिती उद्भवली असून कृपया उद्‌वाहनाचा वापर करू नये.’ या वाक्यात आग हा शब्दच नाही. आणि कामाची गोष्ट शेवटच्या दोन अक्षरांत आहे. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो, बोलणाऱ्याचा दमही तिथेच सरतो आणि आवाज खाली येतो. जिन्यात, बेसमेंटमध्ये आवाज घुमतो तेव्हा सगळ्यात आधी बुडतं ते हे टोक. ‘लिफ्ट वापरू नका’मधलं ‘नका’ घुमण्यात विरलं, तर उरतं ‘लिफ्ट वापरू’. त्यापेक्षा सरळ सांगावं: ‘लक्ष द्या. इमारतीत आग लागली आहे. जिन्याने लगेच खाली उतरा. लिफ्ट बंद आहे.’ नकार कुठेच नाही, आणि सावकाश म्हटलं तरी आठ-नऊ सेकंदांत संपतं.

सेकंदांचा हिशेब भाषांमुळे ठेवावा लागतो. मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही हव्यातच. ऑफिसात इंग्रजी कळणारे हजार असतील, पण रात्री इमारतीत असतो तो सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि पॅन्ट्रीतला मुलगा. तीन भाषांचे तीन लांबलचक संदेश एकामागे एक लावले, तर आपली भाषा पुन्हा येईपर्यंत दीड मिनिट जातं. तेवढ्यात धूर मजलाभर पसरू शकतो.

आवाज कुणाचा, पुरुषाचा की बाईचा, यावर लोक तावातावाने बोलतात. माझ्या मते उच्चार स्वच्छ हवेत, बाकी बाब दुय्यम. खरी नासाडी रेकॉर्डिंगमध्ये होते. मीटिंग रूममध्ये एसीच्या घरघरीत मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, तिथून उतरवून यंत्रात घालायचं. या प्रवासात फाइल दाबली जाते आणि वरच्या पट्टीतला भाग झडतो. स, श, फ, ख ही व्यंजनं त्याच पट्टीत राहतात, आणि शब्द ओळखू येतो तो स्वरांपेक्षा व्यंजनांवरून. शांत खोली, बरा माइक, न दाबलेली वेव्ह फाइल आणि सगळ्या भाषांची पातळी सारखी, एवढं केलं तरी पुष्कळ.

मग येतं प्रोग्रॅमिंग. मोठ्या टॉवरमध्ये सगळ्यांना एकदम उतरवत नाहीत, जिने तुंबतात. चौदाव्या मजल्यावर आग असेल, तर तिथे आणि त्याच्या लगेच वरच्या मजल्यावर ‘उतरा’, बाकीच्यांना ‘सूचनेची वाट पाहा’. कुठला डिटेक्टर लागला की कुठल्या भागात कुठला संदेश, याचा एक तक्ता बनवून यंत्रात भरतात. चूक इथेच शिरते. बऱ्याच टॉवरमध्ये तेरावा मजला नावाला नसतो. फायर पॅनेलवाल्याने लिफ्टच्या बटणांप्रमाणे मजले मोजले आणि स्पीकरवाल्याने स्लॅब मोजले, तर चौदाव्यावर आग लागल्यावर पंधराव्याला ‘उतरा’ आणि चौदाव्यालाच ‘थांबा’ ऐकू येईल. कागदावर ही चूक दिसत नाही. प्रत्येक मजल्यावर खरोखर धूर सोडून आणि प्रत्येक स्पीकरखाली माणूस उभा करूनच ती सापडते.

अशा तपासणीत हमखास होणारा संवाद.

‘साहेब, आवाज जबरदस्त येतोय!’

‘येतोय रे, पण बाई म्हणाल्या काय?’

मग शांतता. डेसिबलचा मीटर समाधानी असतो. 65 डेसिबल किंवा आसपासच्या गोंगाटापेक्षा 5 डेसिबल जास्त, झोपायच्या जागी उशीपाशी 75, हे सर्वसाधारण आकडे तो दाखवतो. पण शब्द कळतो की नाही, हे मोजायचं माप वेगळं आहे. नेदरलँड्समध्ये हाउटगास्ट आणि स्टेनेकन यांनी 1970 च्या दशकात ते बसवलं. शून्य ते एक अशी पट्टी, तिला एसटीआय म्हणतात, आणि अशा यंत्रणेसाठी साधारण 0.5 ची अपेक्षा असते. पार्किंगमध्ये ते गाठलं नाही, की वायरमन आवाज वाढवतो. त्याने घुमणंही तेवढंच वाढतं आणि पट्टी जागची हलत नाही. इलाज उलटा आहे. स्पीकर वाढवायचे, प्रत्येकाची ताकद कमी करायची, तोंड माणसांकडे करायचं. दोन स्पीकरपासूनच्या अंतरात 17 मीटरचा फरक पडला, तर दुसरा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाइतका मागे पडतो आणि तिथून पुढे तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू यायला लागतो.

कॉन्फरन्स रूममधलं संगीत कमी करायचं बटणही तपासावं. धोक्याच्या वेळी ते आपोआप बाजूला सारणारी जास्तीची तार टाकलेली नसेल, तर कुणीतरी बंद केलेल्या स्पीकरमधून इशाराही बंदच राहतो.

शेवटी माइक. प्राधान्यक्रमात जिवंत माणसाचा माइक सगळ्यात वर ठेवतात, तो दाबला की रेकॉर्ड केलेलं सगळं गप्प होतं. हा अधिकार किती जड आहे ते न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 रोजी दिसलं. तिथल्या जुळ्या मनोऱ्यांपैकी उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यावर दक्षिण मनोऱ्यात ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं, की आपली इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जा. उतरू लागलेले काही जण मागे फिरले. 9 वाजून 3 मिनिटांनी दुसरं विमान त्याच मनोऱ्यावर आदळलं. यंत्रणा व्यवस्थित चालू होती.

आपल्याकडे तो माइक रात्री रखवालदाराच्या हाती असतो आणि त्याला तो वापरायला सहसा कुणी शिकवलेलं नसतं. ‘लक्ष द्या, आग कुठे आहे, कुठल्या जिन्याने उतरा’ या तीन वाक्यांचा कागद माइकशेजारी चिकटवायला आणि महिन्यातून एकदा त्याच्याकडून ती बोलवून घ्यायला खर्च शून्य आहे. ‘धोका टळला’ हा संदेश मात्र कार्डावर रेकॉर्ड करून ठेवूच नये. पॅनेल रीसेट केलं की तो आपोआप वाजावा, असा प्रोग्रॅम करून द्यायची तयारी बरेच कंत्राटदार दाखवतात. रीसेट कुणी फक्त कटकट थांबवायलाही करतं. हे वाक्य अग्निशमन दलाने इमारत बघितल्यावर, बघणाऱ्याला विचारून, माणसानेच माइकवर बोलावं.