जुनी गाडी, कमी खर्च: डबा बदला, ग्रेड बदलू नका



डिलिव्हरीची व्हॅन, केटरिंगची ओम्नी, नाहीतर मालकाची स्वतःची दहा-बारा वर्षं जुनी कार. आपल्या धंद्यात अशी एक तरी गाडी असतेच. वॉरंटी कधीच संपलेली असते. सर्व्हिस सेंटरचं बिल बघून पोटात गोळा येतो, म्हणून आपण कोपऱ्यावरच्या गॅरेजात जातो आणि सांगतो, "काहीतरी स्वस्तातलं टाक रे."

गडबड इथेच होते. मेकॅनिकला सांगायचं असं: "ग्रेड हाच पाहिजे, कंपनी कुठलीही चालेल." आजच्या व्हिडिओतला सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. आता एकेक बघू.

१) इंजिन ऑइल

गाडीच्या कंपनीचं नाव छापलेलं ऑइल बहुतेक वेळा ऑइल कंपनीकडूनच बनवून घेतलेलं असतं. त्यामुळे नावापेक्षा डब्यावरच्या दोन गोष्टी वाचा. पहिली, जाडी: ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० वगैरे. दुसरी, एपीआय ग्रेड. पेट्रोल गाडीला 'एस'ने सुरू होणारा, म्हणजे एसएल, एसएम, एसएन, एसपी. डिझेलला 'सी'ने सुरू होणारा, जसं सीएच-४, सीआय-४.

पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर म्हणजे नवा ग्रेड. मॅन्युअलमध्ये एसएल असेल तर एसएन चालतं. उलटं चालत नाही.

दोन्ही जुळले की दुसऱ्या नामांकित कंपनीचं ऑइल बिनधास्त घ्या. सुटं ऑइल मात्र नको. बिलासकट सीलबंद डबा घ्या आणि रिकामा डबा फोडूनच टाका, नाहीतर त्यात भेसळीचा माल भरून परत दुकानात येतो.

"इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल टाकू" असं कोणी म्हणालं तर आधी मॅन्युअल बघा. काही गाड्यांना हवामानाप्रमाणे दोन-तीन जाड्या चालतात. त्यात बसत असेल तर ठीक. बसत नसेल तर ऑइल जातंय कुठे ते आधी शोधा.

२) कूलंट

तयार मिसळलेल्या कूलंटमध्ये तुम्ही पाण्याचेही पैसे देता. कॉन्सन्ट्रेट घ्या आणि बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा. निम्मं-निम्मं केलं की १ लिटरचं २ लिटर होतं.

नळाचं किंवा बोअरचं पाणी रोजच्या वापराला नको. त्यातले क्षार रेडिएटरमध्ये साचतात, आतून गंजही धरतो. मग एक दिवस घाटात गाडी तापते आणि हेड गॅस्केटचं काम निघतं. रस्त्यात अडचणीत साधं पाणी घातलंच, तर परत आल्यावर सगळं काढून नवीन भरा. आणि नुसता रंग बघून दोन कूलंट एकत्र करू नका, रंगावरून प्रकार कळत नाही.

३) गिअर ऑइल

इथे "वरचा नंबर म्हणजे भारी माल" हा हिशोब चालत नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर जीएल-४च टाका. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास देऊ शकतात.

४) पार्ट आणि दुरुस्ती

गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. बॉश, लुमॅक्स, सुब्रोस अशा कंपन्या कारखान्याला माल देतात. त्यांच्याच खोक्यातला पार्ट बाजारात बऱ्याचदा स्वस्त मिळतो.

याच विषयावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये मोठा आदेश दिला होता. सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण मुद्दा लक्षात घ्या: पार्ट खुल्या बाजारातून घेणं म्हणजे काही चोरटा मार्ग नाही.

दुसरी बचत म्हणजे पूर्ण असेंब्ली न बदलणं. अल्टरनेटर चार्ज करत नाही? ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आधी कार्बन ब्रश आणि बेअरिंग तपासा. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटलाय? लगेच बूट आणि ग्रीस बदला. तसंच पळवलं तर आत माती जाऊन सगळा जॉइंट जातो.

५) इथे बचत नको

- ब्रेक ऑइल: ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी धरल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की पेडल खाली जातं. उघडा पडलेला जुना डबा वापरू नका.
- ब्रेक पॅड, स्टिअरिंगचे जॉइंट, टायर: खात्रीची कंपनी आणि पक्कं बिल.
- टायमिंग बेल्ट: तुमच्या गाडीत असेल तर सांगितलेल्या किलोमीटरला बदला. तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

आता धंद्याचा हिशोब

समजा, ऑइलचा ब्रँड बदलून एका सर्व्हिसिंगला ५०० रुपये वाचले. वर्षाला दोन सर्व्हिसिंग, म्हणजे १,००० रुपये. गाडी रोज १,५०० रुपये नफ्याचा माल पोचवते असं धरा. चुकीच्या मालामुळे ती फक्त एक दिवस उभी राहिली, तरी वर्षाची बचत गेली आणि वर ५०० रुपये खिशातून. त्यात गिऱ्हाईक तुटलं तर ते वेगळंच.

म्हणून पैसे वाचवायच्या आधी दोन प्रश्न विचारा: ग्रेड तोच आहे का? आणि हे बिघडलं तर काय थांबेल?

आजचा गृहपाठ: मॅन्युअल काढा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, चारही ग्रेड एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ड्रायव्हर गाडी गॅरेजला नेईल तेव्हा तुम्ही सोबत नसलात तरी चिठ्ठी असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!