नुकसानभरपाई हा हक्क कीं उपकार?

कारखान्यांत किंवा इमारतीच्या परांचीवर एखादा मजूर मेला म्हणजे पुढें काय होतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मुकादम पुढें होतो, मयताच्या भावास बाजूस नेतो, मालक कांहीं हजार रुपये हातावर ठेवतो, एका कागदावर अंगठा उठतो आणि प्रेत गांवीं रवाना होतें. मालकास वाटतें, आपण माणुसकीनें वागलों. शेजारीपाजारीहि तसेंच म्हणतात. आमचें म्हणणें असें कीं, या व्यवहारांत माणुसकी असेल नसेल, कायदा मात्र औषधालाहि नाहीं. तो अंगठ्याचा कागद कवडीमोलाचा आहे.

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें असें ठरवून दिलें कीं, मजूर अपघातांत मेला तर भरपाई त्याच्या आश्रितांस परस्पर द्यावयाची नाहीं, आयुक्ताकडे जमा करावयाची. परस्पर दिलेला पैसा, तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम सोडून, भरपाई म्हणून गणलाच जात नाहीं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली व जुना कायदा तिच्यांत सामावला गेला. आयुक्ताच्या जागीं ‘सक्षम अधिकारी’ हें नांव आलें, पण हा नियम हलला नाहीं. त्याचें कारण उघड आहे. जिचा नवरा काल गेला ती बाई आज घासाघीस करण्याच्या स्थितींत नसते, आणि दिराच्या हातीं पडलेला पैसा तिच्या मुलांपर्यंत पोंचेलच असें नाहीं. अधिकाऱ्यानें विधवा, आई, मुलें यांचे वांटे पाडावे, अज्ञान मुलांचा वांटा सुरक्षित गुंतवावा, असा यांतील हेतु. आपला हक्क सोडून दिल्याचा करारहि रद्दबातलच ठरतो. मग अंगठा कितीहि ठसठशीत उठलेला असो.

ही भरपाई म्हणजे कोणा परक्या सुधारकाची लहर नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून जें मागणीपत्र केलें, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर हीहि मागणी होती कीं, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. कायदा व्हावयास त्यानंतर एकोणचाळीस वर्षें लागलीं, आणि तो अमलांत आला १ जुलै १९२४ रोजीं. तोंपर्यंत मयताच्या वारसांस १८५५ च्या कायद्याखालीं दिवाणी कोर्टांत मालकाची चूक शाबीत करावी लागे. नव्या कायद्यानें तत्त्वच फिरविलें. चूक कोणाची हें विचारावयाचें नाहीं. अपघात नोकरीमुळें व नोकरीच्या ओघांत घडला एवढें पुरे. यंत्राचा नफा ज्याचा, त्याची जोखीमहि त्याची, हें व्यापाऱ्यास निराळें समजावून सांगावयास नको. ‘तो दारू प्यालेला होता’, ‘त्यानें जाळी काढून टाकली होती’ या नेहमींच्या सबबी मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असतां १९९५ च्या दुरुस्तीपासून चालत नाहींत.

आतां हिशेब पाहूं. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणें ठरलेला आंकडा. तीस वर्षांच्या मजुरास हा आंकडा २०७.९८ आहे. पगार १५ हजार धरला तर रक्कम १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. मुकादमानें हातावर ठेवलेल्या रकमेशीं वाचकांनीं ती ताडून पाहावी. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखालीं याच मजुराची तर्जनी गेली, तर अपंगत्व १४ टक्के धरून २ लाख ६२ हजारांवर रक्कम निघते, आणि अंगठ्याचें प्रमाण तर ३० टक्के आहे. शिवाय २००९ च्या दुरुस्तीप्रमाणें दवाखान्याचा खर्च मालकानें निराळा द्यावयाचा असतो, तो भरपाईंतून कापतां येत नाहीं. कोष्टकांतला टक्का हा शेवटचा शब्द नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें. डावा हात गमावलेल्या एका सुतारास पुन्हा सुतारकाम करतां येणार नाहीं, म्हणून त्याचें अपंगत्व शंभर टक्के, असें सर्वोच्च न्यायालयानें कोष्टकाकडे न पाहतां १९७५ सालीं ठरविलें.

या हिशेबांतला खरा अन्याय पगाराच्या मर्यादेंत आहे. गवंड्याची कमाई २५ हजार असली तरी हिशेबापुरता पगार सरकारनें ठरविलेल्या आंकड्यापलीकडे जात नाहीं. हा आंकडा २०१० मध्यें ८ हजार झाला व ३ जानेवारी २०२० रोजीं १५ हजार. महागाई दर महिन्यास चढते, मर्यादा दहा वर्षांनीं एक पायरी चढली. नोकरांचा महागाईभत्ता ज्या निर्देशांकास बांधलेला असतो त्यालाच ही मर्यादा बांधण्यास कोणती अडचण आहे, हें आम्हांस समजत नाहीं.

पण मोठें दुखणें विलंबाचें. रक्कम अपघाताच्या दिवशींच देय होते, महिन्याभरांत भरावी लागते, व २००९ च्या दुरुस्तीनें दाव्याचा निकाल तीन महिन्यांत लावण्यास सांगितलें. प्रत्यक्षांत काय होतें? तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्यें पहांटेच्या पाळीवर जात असतां, कारखान्यापासून सुमारें पांच किलोमीटरवर, मोटारसायकलच्या अपघातांत मेला. मागें बायको, चार मुलें व आई. आयुक्तानें २००९ मध्यें ३ लाख २६ हजार १४० रुपये व १२ टक्के व्याज देवविलें. विमा कंपनीच्या अपिलावर उच्च न्यायालयानें २०११ मध्यें तो निवाडा रद्द केला, कारण मृत्यु वाटेंत झाला. आणि सर्वोच्च न्यायालयानें तो जुलै २०२५ मध्यें पुन्हा कायम केला. घर व कामाची जागा यांमधील अपघातहि, वेळ, जागा व प्रसंग यांचा नोकरीशीं संबंध दिसला तर, नोकरींतलाच मानावा, असा हा निर्णय आहे, व नवी संहिताहि तेंच सांगते. निर्णय उत्तम झाला. पण बाप गेला तेव्हां जें मूल पाळण्यांत असतें, तें बावीस वर्षांनीं स्वतः पोटामागें लागलेलें असतें.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीनेंहि पाहा. त्या मुद्दलावर दरसाल ३९ हजारांहून अधिक व्याज चढतें; बावीस वर्षांत तें मुद्दलाच्या अडीचपटीच्या वर जातें. सबळ कारणावांचून पैसे अडविल्यास भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड होतो, आणि दंडाचा बोजा विमा कंपनीवर लोटतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें सांगितलें आहे. ‘मजूर माझा नव्हे, कंत्राटदाराचा’ हें उत्तरहि पुरत नाहीं. आपल्या धंद्याचेंच काम कंत्राटानें दिलें असेल तर मजूर मूळ मालकाकडे भरपाई मागूं शकतो. मालकानें मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. कोणी म्हणेल, लहान धंद्यास एवढा भार झेपणार नाहीं. मालाला आगीचा विमा उतरविणारा दुकानदार माणसांचा विमा उतरवूं शकतो, आणि जेथें राज्य विमा योजना लागू आहे तेथें वर्गणी भरलेल्या मजुरापुरता मालक या दायित्वांतून मोकळाच असतो.

सरकारकडे आमचें एक मागणें आहे. अपघाती मृत्यूची बातमी कोठूनहि कळली तरी मालकास नोटीस देऊन तीस दिवसांत जबाब मागण्याचा अधिकार जुन्या कायद्यानेंच आयुक्तास दिला होता. नव्या अधिकाऱ्यानें अर्जाची वाट न पाहतां प्रत्येक मृत्यूच्या बातमीवर तो वापरावा. अर्ज अपघाताच्या ठिकाणींच करावा लागतो असेंहि नाहीं. १९९५ च्या दुरुस्तीनें तो दावेदार राहतो तेथेंहि करण्याची सोय झाली, म्हणजे पुण्यांत पडलेल्या बिहारी मजुराची विधवा गया जिल्ह्यांतूनहि दावा लावूं शकते. हें तिला ठाऊक नसतें. २०१७ च्या दुरुस्तीनें मालकावर बंधन घातलें कीं, नोकरीस ठेवतांच मजुरास हे हक्क त्याला समजेल अशा भाषेंत लेखी कळवावे. न कळविल्यास त्या दुरुस्तीनें ५० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड ठेवला होता. आमच्या व्यापारी मंडळांनीं असा एक पानाचा कागद मराठींत व हिंदींत छापून प्रत्येक सभासदाच्या पेढीवर पोंचता करावा. त्याचा खर्च दिवाळी अंकांतल्या एका जाहिरातीहून कमी येईल.