प्रतिपालकत्वातील मूल आणि जन्मदात्यांची भेट : तक्रारींचे स्वरूप व निवारण

प्रस्तावना :
आईवडील संगोपनास असमर्थ किंवा अपात्र ठरल्यास मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवले जाते. या व्यवस्थेस प्रतिपालकत्व, म्हणजेच फॉस्टर केअर, असे म्हणतात. दत्तकविधानाने जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपुष्टात येते. प्रतिपालकत्वात ते कायम राहते. हे नाते टिकविण्याचे प्रमुख साधन म्हणजे ठरावीक काळाने होणारी भेट. त्यामुळे भेटीविषयीच्या तक्रारी किरकोळ मानता येत नाहीत. प्रस्तुत लेखात या तक्रारींचे स्वरूप, नॉर्वेतील एक महत्त्वाचे प्रकरण आणि भारतीय कायद्यातील तरतुदी यांचा विचार केला आहे.

तक्रारींचे स्वरूप :
भेटी फार कमी आहेत, वारंवार रद्द होतात, देखरेखीमुळे मुलाशी मोकळेपणाने बोलता येत नाही, अशी जन्मदात्यांची तक्रार असते. भेटीनंतर मूल अस्वस्थ होते, रात्री झोपत नाही, असे प्रतिपालक कुटुंब सांगते. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. मात्र मुलाच्या रडण्याचा अर्थ एकच नसतो. ते भीतीने रडते की ताटातुटीच्या दुःखाने, हे तज्ज्ञाच्या निरीक्षणाशिवाय ठरविणे धोक्याचे असते. भेटीच बंद झाल्या, तर हे निरीक्षणही अशक्य होते.

नॉर्वेतील प्रकरण :
नॉर्वेत २००८ साली जन्मलेले एक बालक काही आठवड्यांचे असतानाच प्रतिपालक कुटुंबात ठेवण्यात आले. आरंभी आईला आठवड्यातून दीड तास भेट मिळे. २०१० साली अपील न्यायालयाने वर्षातून चार वेळा, प्रत्येकी दोन तास, एवढीच भेट ठेवली. पुढे आईच्या संमतीविना दत्तकविधानास मान्यता मिळाली. आईने मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात दाद मागितली. २०१७ साली निकाल चार विरुद्ध तीन मतांनी तिच्या विरोधात गेला. परंतु १० सप्टेंबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या विस्तारित पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा, म्हणजे मानवी हक्कांविषयीच्या युरोपीय कराराच्या अनुच्छेद ८ चा, भंग झाल्याचे ठरविले.

या निकालातील मर्म असे : इतक्या विरळ भेटींवरून आईच्या संगोपनक्षमतेविषयी स्पष्ट निष्कर्ष काढण्यास पुरेसा पुरावाच मिळत नव्हता. भेटी नीट होत नसतानाही स्थळ वा उपस्थित व्यक्ती बदलून पाहण्याचे फारसे प्रयत्न झाले नव्हते. तज्ज्ञांचे नवे परीक्षणही करण्यात आले नव्हते. म्हणजे प्रथम भेटी कमी करावयाच्या आणि नंतर नाते जुळलेच नाही असे म्हणावयाचे, असे हे चक्र होते. मार्च २०२० मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानेही भेटींचे प्रमाण प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र छाननी करून ठरवावे, असे स्पष्ट केले.

भारतीय कायद्यातील तरतुदी :
बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४(५) नुसार, पालक अपात्र किंवा असमर्थ ठरल्यामुळे मूल प्रतिपालक कुटुंबात ठेवले असल्यास त्यांना नियमित अंतराने मुलाची भेट घेता येते. भेट मुलाच्या हिताची नाही असे बालकल्याण समितीस वाटल्यास ती नाकारता येते; पण त्याची कारणे नोंदविणे आवश्यक आहे. पालक पुन्हा योग्य ठरल्यास मूल स्वगृही परतू शकते, हेही याच कलमात अभिप्रेत आहे. समितीने दरमहा प्रतिपालक कुटुंबाची तपासणी करावी, अशीही तरतूद आहे.

तक्रारीचे दोन मार्ग आहेत. समितीच्या कामकाजाविषयी कलम २७(१०) नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. समितीच्या इतर आदेशांवरील अपील बाल न्यायालयात चालते; परंतु प्रतिपालकत्वविषयक निर्णयावरील अपील कलम १०१ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडेच, ३० दिवसांच्या आत, करावयाचे असते. येथे नोंदविलेल्या कारणांचे महत्त्व कळते. भेट तोंडी नाकारली गेली, तर अपील कशाविरुद्ध करावयाचे, हाच प्रश्न उरतो; आणि अशा पालकांपैकी अनेकांना ही मुदत माहीतही नसते.

समारोप :
मुलाचे हित सर्वोपरी आहे, याविषयी दुमत नाही. हिंसा वा अत्याचार घडला असेल तेथे भेट थांबविणे हेच हिताचे ठरते. तथापि इतर प्रकरणांत भेट नाकारणे हा तटस्थ निर्णय नसतो; तो पुढील निर्णयाचा पुरावा घडवीत असतो. म्हणून भेटीविषयीचा प्रत्येक आदेश लेखी व सकारण असावा, त्यात पुनर्विलोकनाची तारीख असावी आणि तक्रारीचा निकाल लवकर लागावा. मोठ्यांच्या दृष्टीने सहा महिने हा थोडा काळ असेल. दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तो आयुष्याचा चौथा हिस्सा असतो.