दोन ओळी आणि बत्तीस हजार किल्ल्या

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर मधल्या कोणास वाचता येऊ नये, म्हणून तो कूटलिपीत पाठविला जातो. ही कूटलिपी तयार करण्याची पद्धत सर्वांसाठी खुली असते. गुप्त असते ती केवळ ‘किल्ली’, म्हणजे एक प्रचंड संख्या. ही संख्या कोणासही तर्काने ओळखता येऊ नये, हाच साऱ्या सुरक्षिततेचा पाया होय.

संगणक मात्र आज्ञेबरहुकूम चालणारे यंत्र. अनपेक्षित संख्या त्यास स्वतःहून सुचत नाही. म्हणून कळफलकावरील आघातांमधील अंतर, तबकडीच्या कामातील सूक्ष्म कालभेद अशा अनियमित घटनांची नोंद घेऊन त्यांच्या मिश्रणातून किल्ली घडविली जाते.

दोष कसा शिरला?

‘डेबियन’ ही स्वयंसेवकांनी जोपासलेली संगणक प्रणाली. कूटलेखनासाठी तीत ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली वापरली जाते. तिच्यातील दोन ओळी आरंभमूल्य न दिलेली स्मृती वाचतात, असा इशारा तपासणीच्या साधनाने दिला. आज्ञावलीच्या मूळ जाणकारांकडे विचारणा झाली. कोणी हरकत घेतली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये त्या ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एक ओळ नेमकी ती अनियमितता मिश्रणात ओतणारी होती.

त्यानंतर मिश्रणात बदलती अशी एकच गोष्ट उरली. ती म्हणजे संगणक प्रत्येक चालू कामास देतो तो क्रमांक. हा क्रमांक तेव्हा सामान्यतः १ ते ३२,७६७ एवढाच असे. परिणामी, एका जातीच्या यंत्रावर एका प्रकारच्या व ठराविक लांबीच्या जवळजवळ तेवढ्याच किल्ल्या निर्माण होऊ लागल्या. तीन आकड्यांच्या कुलपातही हजार जुळण्या असतात, हे ध्यानी घेतल्यास हा आकडा किती तोकडा होता हे कळून येईल. त्या साऱ्या किल्ल्या आधीच तयार करून एकामागून एक लावून पाहणे संगणकास सहज शक्य होते. तरीही प्रत्येक किल्ली दिसावयास नेहमीसारखीच लांबलचक होती. त्यामुळे सुमारे वीस महिने कोणास शंका आली नाही.

दुरुस्ती पुरेशी नव्हती

लुसियानो बेलो यांनी हा दोष शोधून काढला व १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. ‘उबुंटू’सारख्या डेबियनवर आधारलेल्या प्रणालीही त्यात सापडल्या होत्या. आज्ञावली तत्काळ सुधारण्यात आली. परंतु मधल्या काळात घडविलेल्या किल्ल्या त्यामुळे सुधारल्या नाहीत. त्या इतर यंत्रांवर नेल्या गेल्या असल्यास तेथेही धोका कायम होता. म्हणून दुर्बल किल्ल्यांच्या याद्या प्रसिद्ध करून त्या रद्द करण्याचे आवाहन करण्यात आले. असे असूनही २०१५ मध्ये ‘गिटहब’ या सेवेच्या काही वापरकर्त्यांकडे अशा किल्ल्या आढळल्या.

कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली आपोआप निकामी होते. येथे मात्र यंत्र दुरुस्त झाले, तरी प्रत्येक जुनी किल्ली शोधून टाकून देणे हे वापरणाऱ्याचेच काम होते. सुरक्षिततेची सूचना आल्यावर केवळ नवी आवृत्ती बसवून न थांबता ती सूचना अखेरपर्यंत वाचणे अगत्याचे ठरते, ते याचसाठी.