रोग्याचें गुपित

२०२० च्या मार्च महिन्यांत, गुढीपाडव्यास नऊ दिवस उरले असतां, जालना जिल्ह्यांतील घनसावंगीचे त्या वेळचे आमदार व राज्याचे तेव्हांचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीं एक निर्णय जाहीर केला. करोनाच्या संशयावरून घरींच विलग राहण्यास सांगितलेल्या माणसाच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारावयाचा. दोनच दिवसांनीं पालघर येथें चार प्रवासी रेल्वेंतून उतरविले गेले, ते या शिक्क्यावरूनच ओळखले गेले. शिक्क्यानें आपलें काम केलें यांत संशय नाहीं. परंतु जी गोष्ट डॉक्टरच्या वहींत राहावयाची ती तळहाताच्या पाठीवर उमटली. आणि शिक्का बसलेला मनुष्य रोगीच असे, असेंहि नव्हे. पुढें ८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयास लोकांना बजवावें लागलें कीं, बाधितांचीं नांवें व त्यांची वस्ती समाजमाध्यमांवर पसरवूं नये.

सरकारास कळणें आणि गल्लीस कळणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. ७ मे २०१२ पासून क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणें खाजगी डॉक्टरांसहि बंधनकारक आहे. मग दवाखाना मुंबईंत असो कीं अंबड-परतुरांत. ती नोंद आरोग्य खात्यास हवी असते, कारण किमान सहा महिन्यांचा औषधोपचार पुरा झाला कीं नाहीं हें कोणीतरी पाहिलें पाहिजे. शेजाऱ्याचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. पण गुपित बहुधा सरकारी दप्तरांतून फुटत नाहींच. तें फुटतें दवाखान्याच्या बाकावर. दाराला पडदा नाहीं, कंपाउंडर मोठ्यानें नांव पुकारतो, आणि पुढच्या रोग्यास मागच्याचा आजार आपोआप कळतो. मुलगी लग्नाची असली म्हणजे घरचीं माणसें मग दूरचा दवाखाना शोधतात, औषध चोरून देतात, थोडें बरें वाटतांच बंदहि करतात. अशा अर्धवट उपचारानेंच क्षयाचे जंतु औषधास दाद देईनासे होतात.

गोव्यांत १९८९ सालीं याहून कठोर प्रकार घडला. डॉमिनिक डिसोझा या तरुणानें रक्तदान केलें होतें. त्या रक्तांत एच. आय. व्ही. चे विषाणु आढळले. पोलिसांनीं त्यास नेलें व चौसष्ट दिवस एका आरोग्यधामांत एकटें कोंडून ठेवण्यांत आलें. त्याच्या आईनें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली, पण ज्या कायद्यानें हें घडलें तो न्यायालयानें वैध ठरविला. डिसोझा १९९२ मध्यें वारला. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्याप्रमाणें अशा रोग्याची माहिती दुसऱ्यास देण्यापूर्वीं सामान्यतः त्याची लेखी संमति घ्यावी लागते.

इतर रोगांसाठीं डॉक्टरांचे २००२ चे नियम आहेत. न्यायाधीशाचा हुकूम, एखाद्या विशिष्ट व्यक्तीस किंवा समाजास खराखुरा गंभीर धोका, आणि नोंद करण्याजोगा रोग, एवढ्या तीन प्रसंगींच डॉक्टरनें तोंड उघडावें. गांवाहून चौकशीस आलेल्या मामांची उत्सुकता यांपैकीं एकांतहि बसत नाहीं.