डोझरची चेन ढिली झाली? आधी मोजा, मग ताणा

उन्हाळा लागला की गावोगाव बांधबंदिस्ती, शेताचे सपाटीकरण, नाला खोलीकरण आणि तलावातला गाळ काढण्याची कामे निघतात. मग यंत्राची शोधाशोध सुरू होते. नवे यंत्र आपल्या आवाक्यातले नाही, म्हणून चार-पाच जण मिळून लिलावातला जुना चेनचा डोझर घ्यावा असा विचार पुढे येतो. विचार वाईट नाही. पण इंजिनचा आवाज ऐकून आणि रंग बघून सौदा करू नका. आधी खाली वाकून चेन बघा. चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट या खालच्या सांगाड्यावर यंत्राच्या एकूण दुरुस्तीखर्चाचा निम्म्यापर्यंत भाग जातो, असे या धंद्यातले जाणकार सांगतात.

चेनवर चालणारे ट्रॅक्टर काही आजचे नाहीत. अमेरिकेत बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली दलदलीच्या जमिनीसाठी चाकांऐवजी चेन लावून पाहिली. आपल्या देशात १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना निघाली आणि मध्य भारतातल्या कांस गवताने खाल्लेल्या जमिनी अशाच ट्रॅक्टरांनी खोल नांगरल्या गेल्या. पुढे १९६४ साली बंगळूरला भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने डोझर देशातच बनू लागले. आपल्याकडचे म्हणाल, तर शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करण्याचे जे काम झाले, तेही यंत्रांच्याच जोरावर. डोझर असो की पोकलेन, चेनचे शास्त्र थोड्याफार फरकाने एकच आहे.

आता मुद्द्याचे. चेन ढिली का होते? लोखंड काही रबरासारखे ताणले जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्यावर एक बुश असते. पिन एका बाजूने झिजते, बुश आतून झिजते. एका सांध्यात केसभर झीज म्हणजे काहीच नाही, पण असे पस्तीस-चाळीस सांधे मिळून चेन चांगली लांब होते. ऑपरेटर काय करतो? ग्रीस गन लावतो आणि चेन टाईट करतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी आयडलर पुढे सरकायला जागाच उरत नाही, तेव्हा कुणीतरी सल्ला देतो की एक कडी काढून टाका. हा सल्ला ऐकू नका भाऊ! कडी काढल्याने चेन आखूड होते, पण दोन पिनांमधले वाढलेले अंतर तसेच राहते. ते अंतर स्प्रॉकेटच्या दात्यांशी जुळत नाही आणि चेन दाते खात सुटते. झिजलेल्या चेनवर नवे स्प्रॉकेट, किंवा धारदार झालेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन, दोन्ही पैसे पाण्यात.

म्हणून आधी मोजायचे. स्प्रॉकेटच्या दात्यात एक जुनी पिन अडकवून यंत्र हळूच मागे घ्या, म्हणजे वरची चेन ताठ होईल. मग इंजिन बंद करून एका पिनेच्या कडेपासून, ती पहिली धरून, पाचव्या पिनेच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर टेपने घ्या आणि चारने भागा. जोडपिन, म्हणजे मास्टर पिन, या मापात घेऊ नका. आलेला आकडा यंत्राच्या पुस्तकातल्या नव्या चेनच्या मापाशी ताडून बघा. बुशची बाहेरची झीजही मोजा. झीज हद्दीत असेल तर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून बसवता येतात. न झिजलेली बाजू कामाला येते आणि चेनला दुसरे आयुष्य मिळते. याला मोठा हायड्रॉलिक प्रेस लागतो, घण मारून हे होत नाही. आणि बुश तडकली किंवा आरपार झिजली की ही संधी गेली. तेलभरी चेन असेल तर तिची सील व तेल यांचे काम वेगळे, ते जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

चेन ताणायची कशी, तेही बघा. सपाट जागी यंत्र थोडे पुढे चालवून ब्रेक न मारता थांबवा. पुढचा आयडलर आणि वरचा रोलर यांच्यावर चेनवरून एक सरळ पट्टी ठेवा. मधोमध पट्टी आणि चेन यांत मध्यम डोझरला साधारण २० ते ३० मिलिमीटर झोळ असावा. पोकलेनचे माप वेगळ्या पद्धतीने, चेन उचलून घेतात. चिखलाच्या कामावर चेन जराशी सैलच ठेवावी, कारण स्प्रॉकेटमध्ये काळी माती भरली की चेन आपोआप आवळते. रात्री ती माती वाळून दगड होते, म्हणून फावडे संध्याकाळीच चालवावे.

ॲडजस्टर हा सगळ्यात जपून हाताळायचा भाग. आयडलरच्या मागे ग्रीसने भरलेला सिलिंडर, आणि त्याच्या मागे टनावारी जोराने दाबून ठेवलेली जाड स्प्रिंग असते. ग्रीस भरूनही चेन रात्रीत ढिली होत असेल तर सिलिंडरचे पॅकिंग गेले, दांड्याला गंजाचे खड्डे पडले किंवा निप्पलचा व्हॉल्व्ह गळतो असे समजा. पॅकिंग बदलणे स्वस्तातले काम आहे, पण खड्डे तसेच ठेवून नवे पॅकिंग घातले तर ते महिनाभरही टिकणार नाही. चेन सैल करताना व्हॉल्व्ह एकच फेरा सोडा, आणि समोर तोंड किंवा हात ठेवू नका. ग्रीस गोळीसारखे येते. कातडीत शिरले तर भोक टाचणीएवढे दिसते, दुखतही नाही, पण थेट दवाखान्यात जाऊन दाबाचे ग्रीस शिरल्याचे डॉक्टरांना सांगा. वेळ गेली तर बोट जाते. स्प्रिंग मात्र गावच्या गॅस कटरवाल्याकडून कधीही उघडू नका. तिला प्रेस आणि लोखंडी पिंजरा लागतो. सुटलेल्या स्प्रिंगने माणूस जागीच जातो.

रोलरची परीक्षा सोपी. तासभर काम झाल्यावर इंजिन बंद करून एकेकाजवळ हात न्या. बाकीच्यांपेक्षा गरम लागेल त्यातले तेल संपले. वेळीच सील बदलले तर रोलर वाचतो. रोलरची जागा बदलताना एकेरी आणि दुहेरी कडेचे रोलर मिसळू देऊ नका.

ऑपरेटरची सवयही बघावी. मागे जाताना बुश आणि स्प्रॉकेट जास्त झिजतात, तेव्हा उगाच लांबवर रिव्हर्स मारू नये. एकाच बाजूला वळत राहिल्याने एका अंगाची चेन आधी जाते. उतारावर मागे घेत वळलात तर ढिली चेन उतरलीच म्हणून समजा.

ग्रामपंचायतीने तासाच्या दराने यंत्र लावताना चेन उतरण्यात किंवा ॲडजस्टर दुरुस्तीत गेलेला वेळ बिलात धरला जाणार नाही, हे करारात लिहून घ्यावे. तासमीटरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत मांडावा आणि त्याखाली ऑपरेटरची सही घ्यावी. आणि यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी डांबरी रस्त्याने चालवत नेऊ नये, ट्रेलरवरच आणावे. ट्रेलरचे भाडे कोण देणार, हेही त्याच कागदावर ठरवून घ्या.